‘दुर्मीळ मृदा’ म्हणजे कसली माती?

शिरोलीच्या एका फौंड्रीत खरेदी पाहणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: नोड्युलायझरच्या (वितळलेल्या लोखंडात ग्रॅफाइटचे गोळे घडवायला घालतात त्या मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूच्या) टेस्ट सर्टिफिकेटवर ‘आरई १%’ (आरई म्हणजे रेअर अर्थ) असतं, मराठीत त्याला ‘दुर्मीळ मृदा’ म्हणतात, मग मिश्रधातूत माती कशी?

माती नाहीच. आपल्याला ‘मृदा’ म्हटलं की मृदा परीक्षण, उसाचं रान आठवतं, तिथंच घोटाळा होतो. जुन्या रसायनशास्त्रात पाण्यात न विरघळणाऱ्या, उष्णतेला दाद न देणाऱ्या भुकटीला इंग्रजीत ‘अर्थ’ (earth, माती) म्हणत. आजच्या भाषेत ते धातूंचे ऑक्साइड. स्वीडनमधल्या इटरबी गावाजवळ १७८७ साली एक काळा दगड मिळाला, त्यातून गॅडोलिननं १७९४ मध्ये नवी ‘अर्थ’ शोधली, तीच इट्रिया. मोजक्याच खनिजांत सापडायची म्हणून ‘रेअर’. प्रत्यक्षात सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. म्हणजे दुर्मीळही नाही आणि मृदाही नाही! विश्वकोशी ‘विरल मृत्तिका’नंही अर्थ सुटत नाही, फक्त जड होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. शेवटी ‘इया’ असेल तर ऑक्साइड, ‘इयम’ असेल तर धातू: सिरिया–सिरियम, इट्रिया–इट्रियम, मॅग्नेशिया–मॅग्नेशियम. नोड्युलायझरमध्ये असतो तो धातू, म्हणून तिथं ‘दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये’ किंवा सरळ ‘आरई’ लिहावं. खनिजाच्या नाहीतर पॉलिशिंग पावडरच्या कागदावर मात्र ‘आरईओ’ असतं, म्हणजे ऑक्साइडचा टक्का. १०० ग्रॅम सिरियात सिरियम साधारण ८१ ग्रॅमच. हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून भाव करू नये.

आता लॅडलपाशी, म्हणजे वितळलेलं लोखंड घ्यायच्या भांड्यापाशी या. ५०० किलो मेटलला १.५% नोड्युलायझर म्हणजे ७.५ किलो, त्यात आरई १% असेल तर ७५ ग्रॅम. भंगारातून आलेलं शिसं, बिस्मथ, अँटिमनी ग्रॅफाइटचे गोळे बिघडवतात, त्यांना ही चिमूट आवरते. गोळे घडवायचं मुख्य काम मॅग्नेशियमचंच. पण सर्टिफिकेटवर टक्का जास्त दिसला म्हणून माल भारी समजू नका: आरई जादा झालं की जाड कास्टिंगच्या गाभ्यात ग्रॅफाइट गोळ्यांऐवजी तुकड्या-तुकड्यांचं येतं, आणि पातळ भागात कार्बाइड होऊन मशीनिंगला टूल खातं. शुद्ध चार्ज (भट्टीत घालायचा माल) आणि जाड जॉब असेल तर कमी आरईचाच ग्रेड मागवावा. उलट तो धातू ऑक्साइड होऊन गेला, म्हणजे खरोखरच ‘मृदा’ झाला, की कामातून गेला, स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत जातो. म्हणून पोतं उघडं ठेवायचं नाही आणि लॅडलच्या खिशात नोड्युलायझरवर पंचिंगचं (पोलादी पत्र्याच्या तुकड्यांचं) झाकण हवं.

जाता जाता: मोल्डला (साच्याला) लेप म्हणून लावता तो झिरकॉन वॉश आरईत मोजू नका. झिरकॉन हे झिरकोनियमचं सिलिकेट, झिरकोनिया हे ऑक्साइड, आणि झिरकोनियम आरईच्या १७ मूलद्रव्यांत नाही. झिरकोनियाला आरई लागतं ते वेगळ्या कामी: शुद्ध झिरकोनिया भाजून थंड होताना फुगतो आणि तडकतो, ते टाळायला त्यात इट्रिया घालतात.