आधी हॉलमधला सोफा हलवा, मग स्पीकर

इंदूरच्या राजेंद्रनगरहून एका वाचकाने विचारलंय की 1,80,000 चे टॉवर स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का, क्रेडिट कार्डावर 10,000 चे 18 हप्ते. रोख दिले तर दुकानदार तेच 1,62,000 ला देतोय. पगार हातात 72,000, घराचा हप्ता 21,000, एसआयपी 8,000, अडीच लाखाची एक एफडी, आणि आईबाबांचा हेल्थ इन्शुरन्स अजून काढलेला नाही. हॉल 11 बाय 12 फूट, मार्बलची फरशी. बाबांना इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँसाहेब नीट ऐकायचेत.

दादा, इंदूरच्या घरात खाँसाहेब चांगल्या आवाजात वाजावेत ही इच्छा मला मनापासून पटते, पण ह्या ईएमआयला मी हो म्हणणार नाही.

रोखीवरचे जे 18,000 सुटतायत ते सोडून देणं हेच तुमचं व्याज. बघताना वाटतं दहा टक्केच तर आहे, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं ना, त्यामुळे वर्षाचा दर साडेतेरा टक्क्यांच्या वर निघतो, शिवाय कार्डाच्या ईएमआयमध्ये बँक व्याजावर 18 टक्के जीएसटी लावते, म्हणजे अजून 3,000 च्या आसपास, आणि प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी. आणि एफडी मोडून रोख द्यायचं म्हणाल तर तेही नको, ती तुमच्या साडेतीन पगारांएवढीसुद्धा नाहीये आणि घरात दोन वयस्कर माणसं आहेत.

आधी आईबाबांची पॉलिसी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही. आणि आधीपासून असलेल्या बीपी-शुगरसारख्या आजारांना वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम न मिळण्याचा काळ, 3 वर्षांपर्यंत असू शकतो, तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात, म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका हो, खरंच.

आता आवाजाचं. 11 बाय 12 च्या खोलीत 47 ते 51 हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे खोल बेसचा आवाज खोलीच फुगवते, तिथे मोठे टॉवर भिंतीला आणि कोपऱ्याला चिकटून ठेवले की डग्ग्याचा नुसता घुमारा होतो, आणि खाँसाहेबांची ती अतिविलंबित म्हणजे अगदी संथ, मंद्रातली म्हणजे खालच्या सप्तकातली आलापी त्याच्याखाली दबते. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी ऐकू येणार. वॅटचंही तसंच, पॉवर दुप्पट केली तरी फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतात.

तुमच्या हॉलला बुकशेल्फ, म्हणजे छोट्या स्पीकरची जोडी पुरे. स्टँडवर ठेवा, ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा भोंगा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, आणि दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच बाबांच्या खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर थोडा पुढे ओढा, बेसचा फुगवटा तिथेच सगळ्यात जास्त असतो. फरशीवर जाड गालिचा टाका आणि क्लॉथ मार्केटमधून जड पडदे आणा. हे सगळं बसलं की जुनं मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं रेकॉर्डिंगसुद्धा बरोबर समोरून, मधोमध गायल्यासारखं येतं, माझ्या घरी जागा बदलली तेव्हा मी ते स्वतः ऐकलंय आणि त्यात एक रुपयाचाही स्पीकर नवा नव्हता.

रात्री लेकरू झोपलेलं असताना बाबांना ऐकायचं असेल तर मागून बंद असलेले, वायरवाले हेडफोन घ्या, पाच-सात हजारात काम होतं, त्यात खोलीचा प्रश्नच येत नाही. हे आत्ताच घेतले तरी चालतील.

बाकी, जे 10,000 तुम्ही दर महिन्याला हप्त्यात द्यायला तयार होता तेच वेगळ्या खात्यात टाकायला लागा. सुरुवातीचे काही महिने प्रीमियमची भरपाई होईल, नंतरच्या सहा महिन्यांत 60,000 जमतील, तेवढ्यात चांगली जोडी आणि स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर रोखीने येतो. घ्यायच्या आधी दुकानदाराला दोन दिवस घरी लावून ऐकू द्या म्हणा, आणि बाबांनाच ठरवू द्या.