पुष्पप्रदर्शनाला जाण्याआधी गॅलरीतले ऊन पाहून ठेवा

ऐरोलीहून सासूबाई आणि आठ वर्षांच्या मुलीसह भायखळ्याच्या राणीच्या बागेतले पुष्पप्रदर्शन पाहायला कोणत्या दिवशी जावे, आणि दक्षिणेकडच्या गॅलरीसाठी तिथून कोणती फुलझाडे आणावीत, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात राहतो आणि सुरुवातीच्या वर्षांत प्रदर्शनातून हौसेने आणलेली बहुतेक झाडे माझ्याच हातून मेली आहेत, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो.

हे प्रदर्शन बहुतेक वेळा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरते. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे आपल्या गॅलरीत ऊन पार दिवाणखान्यापर्यंत येत असेल आणि इथे गुलाब सहज फुलेल असे कोणालाही वाटेल. परंतु आपण सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर राहतो, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला जातो, वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो, आणि जानेवारीत पाच-सहा तास ऊन मिळणाऱ्या गॅलरीत कुंडीवर ऊन पडेनासे होते. त्यातच पावसाळ्याचे ढग येतात. गुलाब, मोगरा, जास्वंद ही झाडे अशा जागी मरतात असे नाही, पण लांबट, फिकट फांद्या काढत राहतात, आणि आपण उगाच खताचे प्रमाण वाढवत बसतो.

म्हणून दक्षिणेच्या गॅलरीसाठी पिटुनिया, डायन्थस, शेवंती अशी हिवाळी फुलझाडे पाहुणी म्हणून आणावीत. मार्चच्या उकाड्यात त्यांतली बरीचशी संपतात आणि त्यात आपला काही दोष नसतो. कायमची म्हणून स्नेक प्लांट, मनीप्लांट घ्यावीत.

खरेदी करताना फुलांपेक्षा मातीकडे पाहावे. विक्रीची पुष्कळशी रोपे चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात लावलेली असतात. मी एकदा कळ्यांनी लगडलेला मोगरा आणला आणि गोळा तसाच, भोवती चांगली माती भरून, मोठ्या कुंडीत ठेवला. रोज पाणी घालत होतो, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलेही दिसे, तरी पाने गळत गेली. शेवटी झाड उपसले तेव्हा तो गोळा आतून विटेसारखा कोरडा निघाला, कारण पाणी भोवतालच्या भुसभुशीत मातीतून सरळ खाली जात होते. आता मी असा गोळा बादलीभर पाण्यात भिजवतो, बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवतो आणि मगच गांडूळखत मिसळलेल्या मातीत रोप लावतो. गुलाब घ्यायचाच असेल, तर कलमाचा सांधा शोधावा. त्याच्या खालून, म्हणजे खुंटावरून, जोमदार फुटवा आलेला असेल, तर ते रोप घेऊ नये, कारण तो फुटवा कलमाचा जीव ओढून घेतो. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण असतो, आणि तो घरातल्या बाकीच्या झाडांवरही पसरतो.

आता दिवसाबद्दल. शक्य असेल, तर शनिवार-रविवार टाळून सकाळी बाग उघडतानाच पोहोचावे. रविवारी फुलांच्या मोठ्या आकृत्यांपुढे फोटो काढणाऱ्यांची रीघ लागते आणि वर मेगाब्लॉकची धास्ती असतेच. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यावे. तिथे हे फलाट स्थानकाच्या एका टोकाला आणि मुंबईकडच्या धीम्या गाड्यांचा फलाट दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून लिफ्ट किंवा सरकता जिना शोधण्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा. पुढे ठाण्याहूनच सुटणारी लोकल धरली, तर बसायला जागा मिळते. भायखळ्याला पूर्वेकडे उतरावे.

आकृत्या मुलीला आवडतील, त्या आधी पाहून घ्याव्यात. मात्र खरा वेळ कुंड्यांतल्या झाडांपाशी द्यावा आणि तिथे माळीदादा भेटले, तर त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात: कुंडीत काय काय भरले आहे, आणि इथे आणण्यापूर्वी ती कुठे ठेवली होती. मंडपाच्या सावलीत डौलाने उभे असलेले झाड उघड्या उन्हात वाढवून दोन-तीन दिवसांपुरते तिथे आणलेले असते, हे त्यांच्याच तोंडून ऐकले की घरच्या गॅलरीचा हिशेब लगेच जुळतो. भाजीपाल्याच्या कुंड्या असल्या, तर त्याही चुकवू नयेत. बाजारातली वांगी झाडावर लागलेली पाहण्याची गंमत मुलांना फुलांपेक्षा जास्त वाटते. ही बाग 1861 सालची आहे आणि प्रदर्शनाच्या गर्दीत तिथल्या जुन्या झाडांकडे कोणी वर पाहत नाही, हे मला दरवर्षी खटकते. गोरखचिंचेचा बुंधा पाहावाच, आणि उर्वशीचे झाड फुललेले असले, तर सासूबाईंना त्याच्याजवळच्या एखाद्या बाकावर निवांत बसवावे.

इतका प्रवास त्यांना झेपणार नसेल, तर 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या वृक्ष प्राधिकरणांच्या वतीने ठाणे आणि नवी मुंबई महापालिकाही अशी प्रदर्शने भरवतात, त्यांच्या तारखांवर लक्ष ठेवावे.

रोपे मात्र परत निघतानाच घ्यावीत आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी गाडी पकडावी. घरी आल्यावर त्यांना आठवडाभर सौम्य उजेडात तशीच ठेवावे; पहिल्याच रात्री कुंडी बदलण्याचा मोह मुलीला होईल, तो पुढच्या रविवारवर ढकलावा.