‘टिक टिक टिक’ मुलांना दाखवताय? आधी हक्काचं पत्र हातात घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मेहकरला सुट्टीत मुलांना जयम रवीचा ‘टिक टिक टिक’ हा तमिळ अवकाशपट दाखवायचा, मग लघुग्रहांवर गप्पा मारायच्या, आणि परवानगीसाठी एका कार्यालयाने फोनवर “होऊन जाईल” असं सांगितलंय. नेमकं हेच वाक्य आम्हालाही ऐकवलं होतं. प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर तुम्ही बघालच, त्यात मी शिरत नाही.

आमच्या विज्ञान मंडळानेही हाच चित्रपट ठरवला होता. ज्या कार्यालयाशी बोलणं झालं, त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की हक्क आमच्याकडेच आहेत. पैसे भरून घेतले, पावती दिली. पावतीवर चित्रपटाचं नाव, रक्कम आणि गोल शिक्का होता. पैसे कसल्या परवानगीचे, याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. पत्र मागितलं की साहेब दौऱ्यावर. कार्यक्रम तोंडावर आला तेव्हा मेल आला की त्यांच्याकडे फक्त टीव्हीवर दाखवायचे हक्क आहेत, सार्वजनिक खेळाला ते परवानगी देऊ शकत नाहीत. सभागृहाची आगाऊ रक्कम बुडाली. आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या मुलांना ‘येऊ नका’ म्हणून कळवावं लागलं, ते सगळ्यात जास्त लागलं. पैसे परत मागितले तर “पुढच्या चित्रपटात वळते करू”. जो हक्क तुमच्याकडे नाहीच, त्याचे पैसे घेता कसे? अजूनही चीड येते.

म्हणून फोनवरच्या शब्दावर सभागृह बुक करू नका. थिएटर, टीव्ही, ओटीटी, डबिंग, सगळ्यांचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात आणि प्रत्येकजण “हक्क आमचेच” म्हणतो. पत्रावर सार्वजनिक खेळाची परवानगी, ठिकाण, तारीख आणि भाषा स्पष्ट हवी, कारण मूळ तमिळबरोबर तेलुगू डबही आहे. घरचं ओटीटी घरापुरतंच असतं. अर्जात ‘२०१८, दिग्दर्शक शक्ती सौंदर राजन’ असं जरूर लिहा; याच नावाचा भारतीराजांचा, कमल हासन असलेला १९८१ चा तमिळ चित्रपटही आहे.

आणखी एक. मी वकील नाही, खात्री करून घ्या. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेला सवलत आहे: शाळेचाच उपक्रम असेल आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि उपक्रमाशी संबंधित मंडळी एवढेच असतील, तर चित्रपट दाखवता येतो. समाजमंदिरातल्या खुल्या कार्यक्रमाला ती लागू होत नाही. मी तुमच्या जागी असतो तर एखाद्या शाळेलाच कार्यक्रम घ्यायला लावला असता.

आता, ‘परीक्षणं वाचून धीर खचलाय’ असं तुम्ही लिहिलंय त्याबद्दल. परीक्षणं संमिश्र होती हे खरं. कमी पैशांत केलेल्या दृश्यांचं आणि धाडसाचं कौतुक झालं. कथेतल्या योगायोगांवर आणि ‘आर्मागेडन’ या हॉलिवूडपटाशी असलेल्या साम्यावर टीका झाली. दोन्ही मला मान्य आहे, पण एक गोष्ट इथे बसून लक्षात येत नाही. चित्रपटात चेन्नईजवळच्या एन्नोरला उल्का कोसळते, मग मोठा लघुग्रह बंगालच्या उपसागरात पडून किनारा गिळणारी लाट येणार असते. २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामीच्या दिवशी, जे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होते, त्यांना ती भीती समजावून सांगावी लागत नाही. मुलांना हे आधी सांगा. ‘भारतातला पहिला अवकाशपट’ ही जाहिरात मात्र पोस्टरवर छापू नका. तमिळ अभिनेते एमजीआर यांच्या १९६३ च्या ‘कलै अरसी’त परग्रहावरचे लोक आणि अवकाशयान येऊन गेलंय.

गप्पांसाठी मला तरी कथेतली सगळ्यात चांगली जागा ते चोरायचं क्षेपणास्त्र वाटते. नायक जादूगार, बंदिवासातून निसटण्यात तरबेज, आणि येणारा लघुग्रह फोडण्यासाठी त्याला दुसऱ्या देशाच्या अवकाशस्थानकात लपवलेलं अण्वस्त्र पळवायला पाठवतात. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कक्षेत अण्वस्त्र ठेवायला बंदी आहे. म्हणजे ते क्षेपणास्त्र तिथे असणं हाच गुन्हा, म्हणून तो देश मदतीला पुढे येत नाही. मुलं यावर तासभर भांडतील. आणि लघुग्रह फोडायचाच कशाला, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. तेव्हा नासाच्या ‘डार्ट’ मोहिमेबद्दल सांगा: सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे अर्ध्या टनाचं यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवलं आणि त्याचा मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीच्या प्रदक्षिणेचा वेळ जवळजवळ अर्ध्या तासाने कमी झाला. स्फोटाची गरज पडली नाही.

शिवाय लोणार तुमच्या उशाशी आहे. बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पाहायला जगभरातून अभ्यासक येतात आणि आपल्याकडची कित्येक मुलं काठावर फोटो काढून परततात. चित्रपटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे न्या. त्याला तर कोणाच्या हक्काचं पत्र लागत नाही. फक्त विवरात उतरायचं असेल तर वनखात्याला आधी विचारून ठेवा.

कार्यालयाचं उत्तर आलं की इथेच टाका, पत्राचा मसुदा बघून देईन.