गुळाचा सौदा आणि लेकीचा हट्ट

प्रश्न : मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. मुलगी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. एखादा धंदा वर्षानुवर्षं रखडतो आणि मग एकाएकी सगळीकडे पसरतो, तो का, हेच तिला शिकायचंय. याची नोकरी असते का? की सरळ एमबीएला घालू? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. नोकरी असते. पण आधी हे सांगतो की ती जे शिकू बघतेय, त्यावरच तुमचं दुकान उभं आहे. व्यापारी येतात म्हणून शेतकरी गूळ आणतो आणि गूळ येतो म्हणून व्यापारी येतात. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली ती याच ताकदीवर वाढली. यालाच नेटवर्क इफेक्ट म्हणतात. हे चक्र उलटंही फिरतं. ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळं बंद पडतात, आवक घटली की खरेदीदारही पांगतो. हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

मग ‘एकाएकी’ का? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1978 मध्ये याचं गणित मांडलं. त्याचं उदाहरण दंगलीचं होतं, मी यार्डाचं घेतो. समजा 100 दुकानदार आहेत. पहिला कुणाकडे न बघता क्यूआर कोड लावतो. दुसरा एकानं लावला की लावतो, तिसरा दोघांनी लावला की. असं करत शंभरही जण लावतात. आता फक्त दुसऱ्याचा स्वभाव बदला. तो म्हणतो, दोघांनी लावल्याशिवाय मी नाही. झालं, गाडी पहिल्यावरच अडली! बाकी 99 माणसं तीच, किती जणांची वाट बघायची याची सरासरीही जवळपास तीच, निकाल मात्र उलटा. मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

पेमेंट कंपन्या, ऑनलाइन बाजार, बँका यांना असा विचार करणारी माणसं लागतात. सवलत कुठल्या शहरात आधी द्यायची आणि कधी थांबवायची, हा त्यांच्यासाठी कोट्यवधींचा प्रश्न असतो. जाहिरातीत पदाचं नाव डेटा सायंटिस्ट किंवा प्रॉडक्ट अ‍ॅनालिस्ट असं दिसेल.

एमबीए आत्ता नको. दोन-तीन वर्षं नोकरी करून मग बघू दे. आधी संभाव्यता, ग्राफ थिअरी (कोण कुणाशी जोडलेलं आहे, त्या जाळ्याचं गणित) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की होऊ दे. एम.एस्सी. संख्याशास्त्र शिवाजी विद्यापीठातच आहे. अर्थशास्त्राकडे ओढा असेल तर पुण्याची गोखले संस्था. नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, वरचा शंभर दुकानांचा खेळ त्यात मांडून बघता येईल.

आणि येत्या हंगामात तिला सौद्याला सोबत न्या. जुन्या आवकेच्या वह्या तिच्या हाती द्या. कुठल्या गावचा गूळ कुठल्या वर्षी यायचा थांबला आणि त्याच्या पाठोपाठ कोण थांबलं, ते तिला शोधू दे.