विमानातली एखादी सिस्टिम सुरक्षित आहे हे '१० चा उणे ९ वा घात' अशा आकड्यावरून खरंच ठरतं का?

आकड्यावरून नाही ठरत, आकडा सगळ्यात शेवटी येतो. यावरून माझं लीडशी भांडण झालंय म्हणून एवढं लिहितेय.

बेंगळुरूला असताना स्टॅबिलायझर ट्रिमच्या (शेपटीचा आडवा पंख हलवून विमानाचं नाक वर-खाली ठेवणारी यंत्रणा) कंट्रोलरचं सेफ्टी असेसमेंट माझ्याकडे होतं. ट्रिम आपोआप पळत सुटली तर कॅटॅस्ट्रॉफिक, म्हणजे विमानच जाऊ शकतं, आणि असं अब्ज उड्डाण तासांत एकदा (हाच तो उणे ९ वा घात), त्याहून जास्त चालत नाही. आत एक चॅनल कमांड देतं, दुसरं त्याच्यावर नजर ठेवतं आणि चुकलं की तोडतं. फॉल्ट ट्रीत (कोणते बिघाड मिळून धोका होतो त्याची आकृती) दोन्ही अँड गेटखाली, म्हणजे दोन्ही बिघडले तरच धोका, प्रत्येकी १० चा उणे ५ वा घात, गुणाकार उणे १०, झालं पास. मला चैन पडेना, सर्किटची ड्रॉइंग घेऊन बसले तर दोन्ही चॅनलच्या पोझिशन सेन्सरला एक्सायटेशन, म्हणजे सेन्सर चालवणारं व्होल्टेज, एकाच कार्डावरून! ते व्होल्टेज सरकलं की दोघंही तीच चुकीची पोझिशन वाचणार, दोघांत फरकच नाही, मग नजर ठेवणारं पकडणार काय? आणि एकट्या बिघाडाने कॅटॅस्ट्रॉफी होता कामा नये ही अट आकड्याच्या वरची आहे, तिथे उणे १२ दाखवलं तरी सुटका नाही.

लीड सर म्हणाले ड्रॉइंग बघणं आपलं काम नाही, नंबर येतोय ना, रिपोर्ट पाठव. मी त्यांना अमेरिकेतल्या सू सिटीच्या विमान अपघाताचं सांगितलं, १९ जुलै १९८९, डीसी-१०, हायड्रॉलिकच्या तीन वेगळ्या सिस्टिम, शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली आणि तिन्ही गेल्या, २९६ पैकी ११२ माणसं मेली. तर म्हणे ते जुनं डिझाइन. मी सही केली नाही, रिपोर्ट दुसऱ्याच्या नावाने गेला. सहा महिन्यांनी एक्सायटेशन वेगळं केलं, बदलाच्या नोंदीत कारण लिहिलं 'मेन्टेनन्सची सोय'. मला अजून राग येतो.

आकडे टाकाऊ आहेत असं नाही हं, लपून राहणारा बिघाड किती तासांनी तपासायचा हे त्यातूनच निघतं. आणि सगळेच लीड असे नसतात. पण या फील्डमध्ये येणार असाल तर एफएचए (कोणतं काम बिघडलं तर किती धोका, याची छाननी) झाल्यावर आधी दोन्ही चॅनलमध्ये सामाईक काय आहे ते शोधा, पॉवर कुठून येते, वायर कुठून जातात, सॉफ्टवेअर एकच आहे का, आणि मगच गुणाकार करा. कोणी 'स्वतंत्र आहेत' म्हटलं की सर्किट मागा, आणि मेलवर मागा, क्वालिटीवाल्यांना सीसीत ठेवून. मी सगळं तोंडी मागत राहिले.