लहान वस्तुसंग्रहालयात लोक यावेत म्हणून कोणते कार्यक्रम घ्यावेत?

तालुक्याच्या गावातील लहानशा वस्तुसंग्रहालयात लोकांची पावले वळावीत म्हणून कोणते सार्वजनिक कार्यक्रम घेता येतील आणि त्यांना साधारण किती खर्च येतो, असे आपण विचारले आहे. मी अशाच एका संग्रहालयात सहा वर्षे बिनपगारी मदतनीस होते आणि तेथील कार्यकारिणीशी याच एका विषयावर इतके भांडले आहे की, प्रश्न दिसल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे, तीही गणिताची. त्यामुळे 'बाईंचा इतिहासाशी काय संबंध' हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. संग्रहालयाचे नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि त्यातील माणसे मला अजून भाजीबाजारात भेटतात.

आधी काय करू नये ते सांगते. आमच्याकडे कार्यक्रम ठरला की पहिल्यांदा फलक छापायला जाई, मग प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळवली जाई, आणि विषय कोणता हे सर्वांत शेवटी ठरे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ आणि आभार यांत पाऊण तास जाई. उरलेल्या वेळात पाहुणे महाराष्ट्राच्या वैभवशाली परंपरेवर बोलत आणि श्रोते चहा पिऊन थेट फाटकाबाहेर पडत. एका वर्षी आम्ही संक्रांतीचे हळदीकुंकू संग्रहालयाच्या आवारात केले. दोनशेच्या वर बायका आल्या, वाण घेऊन गेल्या, आणि त्यांपैकी दालनात अकरा जणींनी पाऊल टाकले. मी दाराशी उभी राहून मोजले होते. सचिवांना हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "गर्दी झाली ना, बाई? मग?" या 'मग?'चे उत्तर मी तेव्हापासून देत आले आहे.

आमच्या दालनात एका काचेच्या कपाटात पितळी पट्ट्यांची एक लाकडी पायली आणि तिच्याशेजारी एक लहान पितळी माप ठेवलेले होते. दोन्ही वस्तू दोन वेगवेगळ्या घरांतून आल्या होत्या. लहान मापाखालच्या पाटीवर 'मापटे, पितळ, १९ वे शतक' एवढेच लिहिलेले होते. मुलांची सहल आली की मुले तलवारींकडे धावत आणि या कपाटावरून त्यांची नजर सरकून जाई. तरुण शिक्षिकांनाही माप आठवे ते नव्या नवरीने उंबरठ्यावर ओलांडण्याचे. त्याने खरोखर धान्य मोजत असत हे त्यांना ठाऊक होते, पण मोजताना कोणी पाहिले नव्हते. मला वाटले, आपण मोजूनच दाखवू. जागतिक वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबर असा असतो. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरलेल्या असतात, हवा बरी असते. त्या आठवड्यातील एका शनिवारी सकाळी 'घरातले माप घेऊन या' एवढाच निरोप मी नववीच्या मुलांकरवी घरोघरी पाठवला, आणि मापासोबत आजी किंवा आजोबाही आणावेत अशी अट घातली.

अभिरक्षकांनी, म्हणजे संग्रहातील वस्तू ज्यांच्या ताब्यात असतात त्यांनी, धान्य दालनात आणू देण्यास साफ नकार दिला. धान्याबरोबर सोंडे येतात, ते लाकडी वस्तूंच्या आणि कापडांच्या शेजारी नकोत, शिवाय सांडलेल्या दाण्यामागे उंदीर येतात, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्या वेळी चिडले, पण अखेर ओसरीवर सतरंज्या घातल्या आणि एका दुकानदाराकडून दहा किलो ज्वारी मागून आणली. चौतीस माणसे आली आणि एकोणीस मापे आली: पत्र्याची, पितळेची, दोन लाकडाची, एक तर बुडाला भोक पडलेले आणि त्या भोकावर डाग दिलेले.

त्यांत जवळच्या खेड्यातील एक आजी होत्या, वय ऐंशीच्या घरात. नातू त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला होता आणि त्यांच्या पिशवीत एक चिपटे आणि एक मापटे अशी दोन मापे होती. आपल्या देशात मेट्रिक पद्धत १९५८ सालापासून टप्प्याटप्प्याने आली, म्हणजे या आजी सासरी आल्या तेव्हा खळ्यावरचा सगळा व्यवहार पायली-शेरांतच चालत असणार. खुर्ची दिली तर त्यांनी ती बाजूला सारली, सतरंजीवर मांडी घातली, पदर खोचला आणि ज्वारीच्या राशीत माप असे घातले की ते एकाच हिसक्यात भरून वर आले. डाव्या तळव्याने वर आणखी दाणे चढवून त्यांनी त्याची टोकदार शीग केली, माप पलीकडच्या पोत्यावर पालथे केले आणि म्हणाल्या, "लाभ." दुसरे माप ओतताना म्हणाल्या, "दोन." मुलांत चुळबुळ झाली. एक मुलगी म्हणाली, "आजी, एक राहिला."

"एक म्हनायचं न्हाई," आजी म्हणाल्या. "पयल्या मापाला लाभ म्हनायचं. लाभ, दोन, तीन. धान मोजताना सुरुवात लाभानं व्हावी."

मी पस्तीस वर्षे मुलांना मोजायला शिकवले, आणि एकाच्या जागी 'लाभ' म्हणतात हे मला माझ्या आजोळी लहानपणी ऐकलेले असूनही त्या क्षणापर्यंत पार विसरायला झाले होते. नंतर शिगेची गोष्ट निघाली. 'उत्सुकता शिगेला पोहोचली' असे आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. ती शीग म्हणजे काठाच्या वर चढलेला हा दाण्यांचा सुळका, हे पाहिल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मी त्यांना लगेच कामाला लावले. आजींच्या मापट्याने शिगोशीग दहा मापे ओतायची, मग तीच ज्वारी काठोकाठ सपाट मापाने मोजायची. अकरा मापे भरली. "म्हणून तर सावकार घेताना शीग घ्यायचा आन देताना हात फिरवून द्यायचा," एक आजोबा मागून म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास ओसरीवर जे बोलणे झाले तसे आमच्या कोणत्याही व्याख्यानमालेत झालेले नाही. बोलणारे सगळे श्रोत्यांतलेच होते.

खरा प्रसंग त्यानंतर घडला. आजी दालनात गेल्या, कपाटापुढे उभ्या राहिल्या आणि नातवाने पाटी वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "हे मापटं न्हाई. चिपटं हाय." दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली, तेव्हा चूक लहान नव्हती, बरोबर दुपटीची होती. ज्वारी भरून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. अभिरक्षकांनी, आणि याबद्दल मी त्यांना मनापासून मानते, हातमोजे घातले, कपाट उघडले, माप मऊ कापडावर ठेवले आणि आतून पट्टी लावली. व्यास सात सेंटिमीटर, खोली सात सेंटिमीटर. माझ्या वर्गातील मुलांनी वृत्तचितीचे सूत्र तिथेच वहीत मांडले: सुमारे २६९ घन सेंटिमीटर. मग आजींची दोन्ही मापे मोजली. त्यांचे चिपटे २६० च्या आसपास भरले आणि मापटे ५२५ च्या. अभिरक्षकांनी नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले: 'चिपटे?' ते प्रश्नचिन्ह मला तेव्हा खटकले होते.

सचिव दुपारी आले. प्रमुख पाहुणे नाहीत, म्हणून वर्तमानपत्रात द्यायला छायाचित्र नाही, हे त्यांचे पहिले दुःख. ओसरीवर सांडलेली ज्वारी पाहून ते म्हणाले, "बाई, हे संग्रहालय आहे, बाजार समिती नव्हे." पाटी बदलण्याचे सुचवले तेव्हा त्यांचे उत्तर होते की, कोणा अडाणी बाईच्या सांगण्यावरून नोंदवहीतील नाव बदलायचे म्हटले तर उद्या कोणीही येऊन काहीही सांगेल. मी म्हटले, उद्या कोणीही येऊन सांगावे यासाठीच तर कार्यक्रम घ्यायचा असतो. पुढे २०२२ साली प्राग येथे वस्तुसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, म्हणजे आयकॉमने, संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली आणि तीत लोकसमूहांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आला, तेव्हा मी तो परिच्छेद मराठीत करून त्यांना पाठवला. पोच आली नाही.

आपल्याला वाटेल की मोठ्या संग्रहालयांचे बरे असते. त्यांच्याकडे पैसा असतो हे खरे, पण त्यांच्याकडून उचलण्याजोगी गोष्ट पैशाची नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसमध्येच फिरते संग्रहालय थाटून ते शाळांच्या दारी नेले. तुम्ही बस घेऊ नका, एक पेटी भरा आणि रिक्षाने जिल्हा परिषदेच्या शाळेत न्या. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाने अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तू जमवत उभे केले आणि १९७५ साली ते राज्य शासनाच्या हाती दिले. ज्या अडकित्त्याला लोक मोडीत काढत होते तो पाहायला आज तिकीट काढावे लागते. तेव्हा 'आमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे' असे म्हणणाऱ्या कार्यकारिणीला तिथे एकदा सहलीला न्यावे.

साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ साली लंडनहून आलेली वाघनखे मांडली गेली, तेव्हा आमच्या सचिवांनी मला मुद्दाम फोन करून 'आता बोला, लोक वस्तूसाठीच येतात' असे सुनावले. येतात, यात वादच नाही. पण तुमच्या-आमच्या गावच्या संग्रहालयात वाघनखे यायची नाहीत, तिथे चिपटेच असणार; आणि चिपट्यासाठी माणूस तेव्हा येतो जेव्हा त्याबद्दल त्याला स्वतःला काही सांगता येते. आमच्या त्या शनिवारच्या चौतीस जणांपैकी सगळेच्या सगळे दालनात गेले, आणि पुढच्या महिन्याभरात नऊ जण आणखी कोणाला तरी घेऊन परत आले. हेही मी मोजले होते.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. मापांप्रमाणेच दिवाबत्तीवर, कुलूपकिल्ल्यांवर, जुन्या रेशनकार्डांवर आणि दाखल्यांवर, जात्यावर असे कार्यक्रम सहज होतात. जाते असेल तर ओव्या येणाऱ्या बायका आधी शोधून ठेवा, त्या स्वतःहून पुढे येत नाहीत. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो, पण आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि दुपारी कुत्रेही रस्त्यावर नसते. त्या दिवशी काही करायचेच असेल तर संध्याकाळी सहानंतर करा आणि सुट्टीला गावी आलेल्या मुंबई-पुण्याच्या नातवंडांना बोलवा. माणसे गोलात बसवा, व्यासपीठ करू नका, ध्वनिक्षेपक लावू नका. बोललेले कोणीतरी लिहून घेतलेच पाहिजे, नाहीतर सगळे हवेत जाते.

काही गोष्टी मी तेव्हा मानत नव्हते, त्या आता मान्य करते. धान्याबाबत अभिरक्षकांचे बरोबर होते आणि माझे चूक होते. ओसरीही दुसऱ्या दिवशी झाडून घेऊन नीट तपासावी लागली. पितळेला घामाचा हात लागला की डाग धरतो, म्हणून हाताळण्यासाठी लोकांच्या घरच्या वस्तूच वापराव्यात, संग्रहातील नव्हे. वस्तू कोणाची हे आल्याबरोबर चिठ्ठी लावून लिहावे. आमच्याकडे दोन सारखी मापे अदलाबदल होऊन दोन घरांत आठवडाभर बोलणे बंद होते. आणि त्या पेन्सिलीतल्या प्रश्नचिन्हाबद्दलही: मापे गावोगावी थोडी वेगळी असत, एका भागातील शेर दुसऱ्या भागातील शेराशी तंतोतंत जुळत नसे, त्यामुळे आजींच्या चिपट्याशी जुळले म्हणून आमचे माप चिपटेच, एवढ्याने हे पूर्ण सिद्ध होत नाही, हे गणिताची शिक्षिका म्हणून मला तेव्हाच कळायला हवे होते. मात्र दुपटीचा फरक गावागणिक पडत नाही, एवढे मी अजूनही ठामपणे म्हणेन.

खर्चाचे विचारले होते. ज्वारी परत दिली, सतरंज्या शाळेच्या, चहा आणि पार्ले बिस्किटे मिळून चारशे साठ रुपये झाले आणि ते मी भरले. नवी पाटी छापून घेण्यास चाळीस रुपये लागले असते, पण पाट्या सगळ्या एकदमच छापायच्या असे कार्यकारिणीत ठरले आहे. गेल्या महिन्यात भाचीला घेऊन गेले होते. कपाटात अजून 'मापटे' आहे.