केळी की कोळी?

प्रश्न : ताई, इचलकरंजीत मागावर माझी ३० वर्षं गेली. शांत खोलीत मला सगळं ऐकू येतं. परवा मिक्सर चालू असताना बायको म्हणाली, ‘वरची केळी काढ’. मला ‘कोळी’ ऐकू आलं. केरसुणी घेऊन मी जाळं शोधत राहिलो. आता ती म्हणते, तुमचं लक्षच नसतं. एवढासा ‘ए’ जातो कुठे?
– एक वाचक, वय ५९

उत्तर : दादा, आधी वहिनींना सांगा, हा लक्षाचा दोष नाही. स्वर उच्चारताना तोंडात आवाज ठरावीक पट्ट्यांत घुमतो आणि खालच्या दोन पट्ट्यांवरून कान स्वर ओळखतो. ‘ए’ आणि ‘ओ’ यांचा पहिला पट्टा जवळपास एकच, साधारण ४५० हर्ट्‌झचा. फरक दुसऱ्यात : ‘ए’चा २००० च्या आसपास, ‘ओ’चा १००० च्या खाली. मागाच्या खडखडाटानं कान बहुधा ४००० हर्ट्‌झपाशी आधी दुखावतो, मग इजा खाली पसरते. त्यात मिक्सरनं ‘ए’चा वरचा पट्टा बुजवला की हाती उरतो तो ‘ओ’सारखा. मीठ-मूठ यांचंही तसंच होतं.

शिवाय बोलण्याच्या ओघात हा स्वर सेकंदाच्या दहाव्या भागातच संपतो. पण कान नुसत्या स्वरावर विसंबत नाही. अमेरिकेत १९८३ साली एका प्रयोगात अक्षरातला स्वराचा मधला भागच पुसून टाकला होता. तरी आजूबाजूच्या व्यंजनांकडून जीभ कशी वळते, तेवढ्यावरून लोकांनी स्वर ओळखले. म्हणून एकटा शब्द ओरडण्यापेक्षा सावकाश, अख्खं वाक्य बरं. ओरडताना तर पहिला पट्टा वर सरकतो, स्वराची ठेवणच बदलते.

माझ्याकडे मागावरची बरीच माणसं येतात. मिक्सरचा आवाज लावून, तोंडासमोर वही धरून मी ‘केळी, कोळी’ म्हणते. ती चुकतात. वही बाजूला केली की पुष्कळदा बरोबर सांगतात, कारण ‘ओ’ला ओठ गोल होतात, ‘ए’ला फाकतात. कानानं गमावलेला नेमका तोच फरक डोळ्यांना दिसतो! वहिनींनी ओट्याकडे तोंड करून बोलू नये, तुमच्याकडे वळावं. मिक्सर क्षणभर बंद केला तर उत्तमच.

आणि तपासणी याच महिन्यात करा. शांत खोलीतली चाचणी झाली की ‘गोंगाटात शब्द ओळखायची चाचणीही घ्या’ असं आपणहून सांगा. तुमची अडचण तिथेच दिसेल.